तुम्ही विचारलंत म्हणून: मग तुम्हीच एखादं मूल का नाही घेतलंत?

हा प्रश्न मला हळदीकुंकवाला विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या गणपतीच्या मांडवात आरती संपून प्रसाद हातावर पडेपर्यंतसुद्धा विचारतात. जी मुलं आईवडिलांजवळ राहू शकत नाहीत त्यांनी कुठं राहायचं ते बाल कल्याण समिती ठरवते; त्या समितीपुढे मुलांच्या बाजूनं बोलायचं, हे माझं काम. ते कळलं की समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावर आधी माया येते आणि पाठोपाठ प्रश्न येतो: "एवढी मुलं रोज बघता, मग तुम्हीच एखादं मूल का नाही घेतलंत?"

विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. उलट अशा बायकांपैकीच कितीतरी जणी पुढे आमच्या उपयोगाला आल्या आहेत. म्हणून घाईघाईत "जमलं नाही हो" असं म्हणून विषय टाळण्यापेक्षा एकदा सविस्तर सांगावं असं वाटलं.

पहिलं कारण साधं आहे. मुलाच्या घरी जाऊन चौकशी करणारी आणि अहवाल लिहिणारी मीच असते. मामाचं घर मुलाला ठेवण्याजोगं आहे की नाही, यावर मी सही करते. त्या सहीच्या मागे "हे मूल आपल्यालाच मिळालं तर" अशी आस असेल, तर तो मामा माझ्यावर का विश्वास ठेवील? आणि मुलानं तरी का ठेवावा? मुलाच्या बाजूनं बोलणाऱ्या माणसाला त्या मुलाकडून काहीच नको असलं पाहिजे, प्रेमसुद्धा.

दुसरं कारण मोठं आहे आणि खरं उत्तर तेच. माझ्यासमोर येणारी मुलं कुणाची तरी असतात. जगात कुणीच नाही असं मूल माझ्या वाट्याला फार क्वचित आलं. बहुतेकांना आजी असते, नाहीतर काका, नाहीतर मोठी बहीण. पुष्कळांना आई असते, फक्त ती आजारी असते, किंवा दुसऱ्या घरी गेलेली असते, किंवा तिला मारून घराबाहेर काढलेलं असतं. ते माणूस शोधायचं, त्याला उभं करायचं, आणि ते अगदीच शक्य नसेल तेव्हा दुसरं घर बघायचं. माझा सगळा वेळ यातच जातो.

आमच्या बडोद्यात या प्रश्नाला एक खास पुरवणी असते. "अगं, आपले सयाजीराव महाराज तरी कोण? दत्तकच ना!" खरंच आहे ते. 1875 साली खंडेराव महाराजांच्या राणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला, आणि त्याच मुलानं पुढे 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. दत्तकाबद्दल या गावात जी आपुलकी आहे ती बहुधा तिथूनच आली, आणि तिचा मला फायदाच होतो. पण तेव्हा गादीला वारस हवा होता, म्हणून मूल शोधलं गेलं. 2015 चा बाल न्याय कायदा उलट बाजूनं निघतो. त्यात मूल आधी, आणि त्याच्यासाठी घर शोधायचं. तेही आधी त्याचं स्वतःचं, मग नात्यातलं, मग परक्याचं, आणि संस्था सगळ्यात शेवटी. संस्था हा शेवटचाच पर्याय असावा, हे कायद्याच्या तिसऱ्या कलमात तत्त्व म्हणूनच लिहिलं आहे.

पुढे ज्या मुलांबद्दल सांगणार आहे त्यांची वयं, गावं आणि नाती मी बदलली आहेत. याच कायद्याच्या 74 व्या कलमानुसार मुलाची ओळख पटेल असं काही छापणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ते कलम नसतं तरी मी हेच केलं असतं. आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट महिन्याबद्दल गावानं वाचावं असं कुणाला वाटेल?

बडोद्याचं स्टेशन हे मोठं जंक्शन. मुंबईहून दिल्लीकडे आणि अहमदाबादकडे जाणाऱ्या वाटा इथं फुटतात. घरातून निघालेलं, कामावरून पळालेलं, गर्दीत हात सुटलेलं मूल इथं रेल्वे पोलिसांना सापडतं. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला समितीपुढे आणायचं असतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री, आणि अधिकार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे. पंधरा दिवसांत फॉर्म 22 वर सामाजिक तपासणी अहवाल आणि चार महिन्यांत चौकशी पूर्ण, अशा मुदती आहेत.

समितीच्या खोलीत मूल खुर्चीच्या कडेवर बसतं. पाय लोंबत असतात. समोर लांब टेबल, त्यापलीकडे मोठी माणसं, मागे रजिस्टरांची कपाटं. विचारतात गुजरातीत, आणि मायेनंच विचारतात: "बेटा, घरे जवुं छे?" घरी जायचंय का? मूल मान हलवतं. "के पछी अहीं ज रहेवुं छे?" की इथंच राहायचंय? पुन्हा मान हलवतं. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, एवढं त्याला घरानं, ठेकेदारानं, मास्तरांनी शिकवून ठेवलेलं असतं. त्या हलवलेल्या मानेवर कुणाच्या दोन वर्षांचा निर्णय होऊ नये, म्हणून माझं काम आदल्या दिवशीच सुरू होतं. उद्या तिथं कोण कोण असेल, ते काय विचारतील, हे मी कागदावर टेबल काढून समजावते. तिथं कुणी कोंडून ठेवत नाही, हे सांगते. "माहीत नाही" हेही उत्तर असतं, "नको" हेही असतं, आणि उत्तर द्यायला वेळ लागला तरी कुणी रागावत नाही, हेसुद्धा. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसते. मागे उभी राहत नाही, कारण मागे उभ्या असलेल्या माणसाची मुलांना धास्ती वाटते.

एक मुलगा आठवतो. आठ-नऊ वर्षांचा, सुरतेकडून येणाऱ्या गाडीत सापडलेला. तीन भाषांत विचारून झालं, तोंडातून शब्द नाही. ऐकू येत नसावं, असंही कागदावर लिहून झालं होतं. संस्थेच्या स्वयंपाकघरात धुळ्याकडच्या एक मावशी होत्या. त्यांनी ताट वाढता वाढता सहज विचारलं, "तुनं नाव काय शे रे?" आणि पोरानं नाव सांगितलं. अहिराणी कानावर पडल्यावर तो संध्याकाळपर्यंत बोलत राहिला. गावाचं नाव त्याला सांगता येत नव्हतं. "घरी साखरेचा वास येतो" एवढंच म्हणे. साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं गाव असणार, असा अंदाज बांधून आम्ही नंदुरबारच्या बाल संरक्षण कार्यालयाला फोन केले, तालुका धरून हरवलेल्या मुलांच्या नोंदी तपासायला लावल्या आणि घर सापडलं. कायद्यात अशा मुलाला त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवायची सोय आहे. त्या मावशींचं नाव फाइलीत कुठंच नाही. मुलाच्या बाजूनं बोलायचं तर त्याची भाषा जाणणारं माणूस आधी शोधायला हवं, हे नव्यांना समजावताना मी अजूनही त्यांचंच उदाहरण देते.

आता आजीबद्दल सांगते, कारण या कामात खरी झटापट कशाशी असते ते त्यातून कळेल.

दोन भावंडं बालगृहात होती. बाप भरूचच्या पुढे एका बांधकामावर वारला होता. आईनं दुसरं घर केलं. बापाची आई, म्हणजे मुलांची आजी, खंडेराव मार्केटच्या बाहेर कोथिंबीर, मिरची, लिंबं घेऊन बसायची. एका खोलीत राहायची. भेटीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी दारात हजर, पदराच्या गाठीत शेंगदाण्याची चिक्की. मुलांना संस्थेत कुणी आणलं? तिनंच. शाळेचा खर्च झेपेना, रात्री माल उतरवायला जायचं तर मुलं कुणाजवळ ठेवायची, हे कळेना, म्हणून. फाइलीत मात्र "पालक सांभाळण्यास असमर्थ" एवढं एकच वाक्य होतं, आणि ते वर्षानुवर्षं एका अहवालातून दुसऱ्या अहवालात उतरत होतं.

गुजरात सरकारची पालक माता-पिता योजना नेमकी अशाच घरांसाठी आहे. आईबाप दोन्ही गेलेले, किंवा बाप गेला आणि आईनं पुनर्विवाह केला, आणि मूल नातेवाइकाकडे राहतंय, तर त्या मुलामागे महिन्याला 3000 रुपये, मूल शाळेत जात असलं पाहिजे या अटीवर. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत स्पॉन्सरशिप आहे, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून घराला मदत; तिथं महिन्याला 4000. त्यासाठी घरचं वार्षिक उत्पन्न गावात 72,000 आणि शहरात 96,000 च्या आत असावं लागतं. पैसे आहेत, योजना आहे, आजीही आहे. नव्हता तो बापाचा मृत्यूचा दाखला.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते आणि माणूस जिथं गेला तिथंच होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. ज्या ठेकेदाराकडे तो कामाला होता त्यानं बॉडी गावी पाठवून हात झटकले होते. आजीला ना तारीख आठवत होती ना तालुका; "उतराणच्या आधी, थंडी होती" एवढंच, म्हणजे संक्रांतीच्या आधी. मग दवाखान्याचं रजिस्टर, स्मशानातली पावती, गावच्या तलाठ्याचा पंचनामा, असं एकेक जोडत जायचं. हे काम कंटाळवाणं आहे, यात रडू येण्यासारखं काही नाही, आणि मूल घरी जातं ते बहुतेक वेळा यामुळंच.

त्यानंतर आईच्या पुनर्विवाहाचा पुरावा. नातरं, म्हणजे जातीच्या रिवाजानं दुसरं लग्न झालेलं, त्याचं सर्टिफिकेट कुठून येणार? प्रतिज्ञापत्र हवं, आणि तिच्या नव्या घरी आधीची मुलं माहीत नव्हती. ती भेटायला तयार झाली ती तालुक्याच्या गावी, कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर. ओढणी तोंडावरून ओढून बसली होती. कागद वाचून दाखवला तर म्हणाली, "बेन, आमां एवुं तो नथी लख्युं ने के में छोडी दीधां?" मी मुलांना सोडून दिलं, असं तर यात लिहिलेलं नाही ना? मी तिला प्रत्येक ओळ पुन्हा वाचून दाखवली. मुलं आजीकडे राहतात, एवढंच त्यात होतं. तिनं सही केली, आणि पर्समधून एक छोटा प्लास्टिकचा कंगवा काढून "धाकटीला द्या" म्हणाली. या बाईला मी कधीही "सोडून गेलेली आई" म्हणणार नाही, आणि कुणाला म्हणू देणार नाही.

समितीपुढे शेवटी प्रश्न आला तो असा: संस्थेत पलंग आहे, दूध आहे, शिकवणी आहे, आजीकडे एक खोली, आणि मोरी सामायिक. मुलांचं भलं कशात? मी म्हटलं, 2009 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पर्यायी संगोपनाची जी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली त्यांत स्पष्ट आहे की केवळ गरिबी हे मुलाला घरापासून दूर ठेवायचं कारण होऊ शकत नाही. गरिबी दिसली तर त्या घराला मदत करायची. आणि संस्थेवर महिन्याला जो खर्च होतो त्यातला थोडा आजीला मिळाला तर खोलीचाही प्रश्न सुटेल. मोठ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आजी रात्री माल उतरवायला गेली की मी बहिणीजवळ थांबीन. मला कुलूप लावता येतं." समितीतल्या बाईंनी रात्रीच्या वेळी शेजारच्या बाईंनी लक्ष ठेवावं अशी अट घातली, शेजारणीला बोलावून विचारलं, आणि मुलं घरी गेली.

आता सांगा, या दोघांना मी "घेतलं" असतं तर आजीनं काय करायचं होतं?

पण सगळ्याच मुलांना घरी पाठवावं, असं माझं म्हणणं नाही. ज्या घरात मुलीला हात लावणारा माणूस अजून राहतो, तिथं ती परत जाऊ नये म्हणून मी हट्टानं उभी राहिले आहे, आई समोर रडत असतानाही. आईचं रडणं खरं होतं. मुलीची भीतीही खरी होती, आणि माझी नेमणूक मुलीसाठी होती. अशा वेळी नातेवाईक शिव्या देतात. त्या ऐकून घ्यायच्या.

घर आहे पण तिथं राहता येत नाही, आणि दत्तकही जाता येत नाही, अशा मुलांसाठी फॉस्टर केअर आहे. कायद्याचं 44 वं कलम. हे आपल्याकडे अजून फार लोकांना माहीत नाही. दत्तकात मूल कायमचं तुमचं होतं. यात तुम्ही त्याला घर देता, जेवूखाऊ घालता, शिकवता, आणि त्याचे आईबाप त्याचे आईबापच राहतात. समितीनं दरमहा पाहणी करायची असते. आईबापांना ठरावीक दिवसांनी मुलाला भेटता येतं, आणि ही भेट थांबवायची तर समितीला तशी कारणं नोंदवावी लागतात.

या शेवटच्या वाक्यावर मी एक लढाई लढले आहे.

अकरा वर्षांची मुलगी. आईला मनाचा आजार, औषधं चालू, भावाच्या आधारानं राहते; मुलीला सांभाळणं तिला जमत नव्हतं. मुलगी बडोद्याच्या वाडी भागातल्या एका मराठी जोडप्याकडे राहायला आली. त्यांची स्वतःची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. माणसं फार चांगली. ती पहिल्या दिवसापासून त्यांना काका-मावशी म्हणते. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की "आई" म्हणायला लावू नका, तिला आई आहे. उशीखाली पोळी सापडली तर रागावू नका, काही महिने सापडेल. रोज रात्री डब्यात दोन पोळ्या ठेवा आणि डबा कुठं आहे ते तिला दाखवा. मावशींनी ते मनापासून केलं.

अडचण आली ती भेटींची. एक शनिवार सोडून आई आणि मामा कार्यालयात भेटायला यायचे, अर्धा तास. भेट झाली की मुलगी परतीच्या वाटेवर हमसून रडायची, रात्री जेवायची नाही, सोमवारी शाळेत भांडण ठरलेलं. मावशी कासावीस. काउन्सेलरनं लिहिलं: भेटीमुळे मुलीला त्रास होतो, काही काळ भेटी थांबवाव्यात. वाचणाऱ्या कुणालाही पटेल असा कागद होता. मलाही तो वाईट हेतूनं लिहिलेला वाटला नाही.

मी मुलीला विचारलं. "भेट नको का?" असं नाही विचारलं, कारण त्यावर तिनं मान हलवली असती. "मागच्या शनिवारी आधी काय झालं, मग काय झालं, सांग" असं विचारलं. तिनं सगळं क्रमानं सांगितलं. आई येते. बसते. गोळ्यांमुळे ती पटकन बोलत नाही. बराच वेळ हातच बघत बसते. मग केसांना हात लावते. मग "तेल लावतेस का" विचारते. "आणि आई बोलायला लागते, तेवढ्यात मामा उठतो."

वेळ संपतो म्हणून ती रडत होती.

समितीपुढे मी हे तिच्याच शब्दांत ठेवलं, आणि भेटी बंद करण्याऐवजी लांबवा असं मागितलं. अर्ध्या तासाचे तीन तास झाले, आणि कार्यालयाऐवजी कमाटीबागेत. आईला वाट बघत बसायला झाड मिळालं, मुलीला दाखवायला काही मिळालं. मुलगी अजूनही कधीकधी रडते. पण घरी येऊन जेवते, आणि सोमवारची भांडणं गेली. मावशी आता आईसाठी डबा देतात.

शेजारपाजारचे त्या जोडप्याला सुचवतात, "आता नावावर करून टाका." 2024 च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षं फॉस्टरमध्ये ठेवल्यावर ते कुटुंब दत्तकासाठी अर्ज करू शकतं, पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती. पण त्यासाठी मूल आधी दत्तकासाठी कायद्यानं मोकळं असावं लागतं. या मुलीच्या आईनं तिला दिलेलं नाही, टाकलेलं नाही. शनिवारी ती येते. हे जोडप्याला कळतं. ते शेजाऱ्यांनाही पटायला हवं, म्हणून मी सांगत राहते.

समाजकार्य शिकणारी मुलंमुली विचारतात ते वेगळं असतं: या कामात शिरायचं कसं, पोट भरतं का. आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची विद्याशाखा आहे, तिथून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून मी एका संस्थेत लागले. जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात संरक्षण अधिकारी, कायदा व परिवीक्षा अधिकारी, काउन्सेलर, आउटरीच वर्कर अशा जागा असतात, बहुतेक कंत्राटी. कायदा शिकून येणाऱ्यांचीही फार गरज आहे. मुलांसाठी किमान सात वर्षं काम केलेलं असेल तर पुढे समितीवरही नेमणूक होऊ शकते. पगार मोठा नाही, हे मी आधीच सांगते, कारण हे न सांगता कुणाला या कामात ओढणं बरोबर नाही.

पदवीपेक्षा मी बघते ते लिहिणं. "मुलगा हट्टी व आक्रमक आहे" असं लिहिलेला अहवाल मी परत पाठवते. काय पाहिलंत ते लिहा. "दुपारी जेवणाच्या रांगेत मागच्या मुलानं ढकलल्यावर यानं ताट फेकलं, नंतर स्वतःच उचलून धुतलं." हे वाचून समितीला मूल दिसतं. पहिलं वाक्य वाचून नुसता शिक्का दिसतो, आणि तो शिक्का त्या मुलाबरोबर अठराव्या वर्षापर्यंत फिरतो.

अमेरिकेत सिअ‍ॅटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी 1977 साली एक सोपी गोष्ट सुरू केली: फॉस्टर केअरमधल्या मुलासाठी एक प्रशिक्षित स्वयंसेवक, जो त्या एकाच मुलाला ओळखतो आणि कोर्टात त्याच्यासाठी बोलतो. ती पद्धत पुढे देशभर पसरली. आपल्या कायद्यात मुलाचं म्हणणं ऐकण्याचं तत्त्व आहे, पण मुलाबरोबर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत राहणारं एक माणूस ठरवून दिलेलं नाही. कंत्राट संपतं, अधिकारी बदलतो, नवा माणूस फाइल उघडतो आणि मुलाला म्हणतो, "बरं, सुरुवातीपासून सांग." एका मुलीनं मला विचारलं होतं, "तुमच्याकडे लिहिलेलं नाहीये का?" लिहिलेलं होतं. तरीही तिला पुन्हा सांगावं लागलं. निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, घरी वेळ असणाऱ्या बायका यांना शिकवून एका मुलामागे एक माणूस उभं करता आलं, तर बडोद्यासारख्या गावात ते सहज जमेल, असं मला मनापासून वाटतं. मी त्यासाठी माणसं गोळा करते आहे.

म्हणून, तुम्ही मला विचारलंत तसं आता मीही तुम्हाला विचारते. 2024 पासून फॉस्टर केअरसाठी जोडपंच असलं पाहिजे अशी अट राहिलेली नाही. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, 35 ते 60 वर्षांपर्यंतची एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते; एकट्या पुरुषाला फक्त मुलगा ठेवता येतो, एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी. घराची पाहणी होईल, उत्पन्न, तब्येत, पोलिसांकडची पडताळणी, सगळं बघितलं जाईल, आणि माझ्यासारखी कुणीतरी येऊन नको इतके प्रश्न विचारील. तान्हं बाळ हवं असेल तर ती रांग वेगळी, दत्तकाची, 'कारा' म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवरची. माझ्याकडची मुलं आठ, दहा, तेरा वर्षांची आहेत. त्यांतल्या काहींची आई शनिवारी येईल. ते चालणार असेल तर जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात जाऊन फॉस्टर केअरचा अर्ज मागा, आणि जाताना फक्त आधार कार्ड आणि घरातल्या सगळ्यांची संमती घेऊन जा. बाकीचे कागद तिथं सांगतील.